‘हे आधीच झालंय’ : १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येची गोष्ट

आठवीत असताना मी संध्याकाळी बाळापूरला बाबांच्या कृषी केंद्रात बसायचे. गल्ल्यावर एक जुना, आठ अंकांचा कॅल्क्युलेटर होता. गिऱ्हाईक नसलं की त्याच्यावर काहीबाही करत बसायचं, हा माझा उद्योग. एके दिवशी ११ ला ११ ने गुणलं, १२१ आले. १११ ला १११ ने गुणलं, १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. पाच एक घेतले तर कॅल्क्युलेटर ‘ई’ दाखवून थांबला, कारण उत्तर नऊ अंकी होतं आणि त्याच्याकडे घरं आठच.

मग बिलबुकाच्या पाठीमागे हातानेच गुणाकार सुरू केले. नऊ एक असलेल्या संख्येपर्यंत पोचले तेव्हा उत्तर आलं: १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि पुन्हा एकवर उतरायचं. मला वाटलं, आपण काहीतरी शोधून काढलं! दुसऱ्या दिवशी शाळेत दाखवलं, तर ‘हे पेपरात येत नाही’ एवढंच ऐकायला मिळालं. रात्री बाबांना दाखवलं. ते म्हणाले, “पोरी, हे तं कोनीतरी पह्यलेच करून ठेवलं असन.”

बाबांचं ते वाक्य पुढे माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी पुन्हा समोर आलं. दोन महिने खपून काढलेला एक छोटा निष्कर्ष १९८० च्या दशकातल्या एका शोधनिबंधात सापडला, तोही चार ओळींत. त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. आता पेटची तयारी करणारी मुलं-मुली विचारतात, “ताई, एकदम नवीन विषय कसा शोधायचा? जे बघतो ते आधीच झालेलं असतं.” या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याजवळ नाही. पण बिलबुकावरच्या त्या संख्येचा इतिहास आहे, आणि तो सांगण्यासारखा आहे. कारण ती संख्या खरंच आधीच झालेली होती, तीही एकदा नाही.

डेमलो स्टेशन

या संख्येला एक मराठी नाव आहे, असं म्हटलं तरी चालेल. तिला ‘डेमलो संख्या’ म्हणतात. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेमलो नावाचं स्टेशन होतं. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी नावही स्टेशनचंच दिलं.

कापरेकरांचं नाव ६१७४ या संख्येमुळे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये त्यांना गणितासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. पुढे एम.ए. नाही, संशोधनाची पदवी नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. म्हणजे आपण ज्याला ‘रिसर्च बॅकग्राउंड’ म्हणतो, त्यातलं त्यांच्याजवळ जवळपास काहीच नव्हतं.

डेमलो संख्येची त्यांची कल्पना साधी आहे. संख्येचे तीन भाग पाडायचे: डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक असावा किंवा तोच अंक पुन्हा पुन्हा यावा. डावा आणि उजवा भाग मिळवले की बेरजेतही सगळीकडे तोच अंक आला पाहिजे. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपली संख्या घ्या: डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्ही बाजूंची बेरीज करून बघा, ९९९९९९९९ येते. सगळे नऊ!

१, १२१, १२३२१ अशा, फक्त एक असलेल्या संख्यांच्या वर्गांना कापरेकरांनी ‘वंडरफुल डेमलो’ म्हटलं. त्यावरची त्यांची टीप १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आली. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, के. आर. गुंजीकर आणि कापरेकर या दोघांच्या नावाने मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात एक लेख आला. त्याच्या शीर्षकात ‘थिअरी’ हा शब्द आहे. आधीच्या वर्षी जे ‘वंडरफुल’ होतं, त्याची वर्षभरात ‘थिअरी’ झाली. दोन शब्दांमधलं हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

त्याच्याही आधी

आता अकराशे वर्षं मागे जाऊ. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्याने कोरवलं तेच हे राष्ट्रकूट, आणि आपला वऱ्हाडही त्यांच्याच साम्राज्यात होता. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ साधारण इ. स. ८५० चा. त्यात गुणाकाराची काही उदाहरणं मुद्दाम अशी निवडली आहेत की उत्तर हारासारखं दिसावं, दोन्ही बाजूंनी सारखंच. त्यातलं एक उदाहरण असं:

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

म्हणजे सहापर्यंत चढून उतरणारी डेमलो संख्या, डेमलो स्टेशनच्या हजारेक वर्षं आधी. ती १११११ चा नाही, १११११च्या पुढच्या म्हणजे सहा एक असलेल्या ११११११ चा वर्ग आहे. शिवाय उदाहरण कसं बनवलंय ते बघा: ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. गुणाकार सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगितलेलं नाही. पण हे दोन आकडे सहज हाताला लागणारे नाहीत, हे कुणालाही पटेल.

‘गणितसारसंग्रह’ एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला. हिंदी आवृत्ती तर आपल्या सोलापुरातूनच १९६३ मध्ये निघाली. म्हणजे १९३८ मध्ये हा ग्रंथ छापलेला, उपलब्ध होता. पण त्यात १२३४५६५४३२१ असे अंक शोधत बसलात तर मूळ श्लोकात ते मिळणार नाहीत. तिथे संख्या शब्दांत आहे: एकपासून सुरू होऊन सहापर्यंत वाढते आणि मग क्रमाने कमी होते, अशा अर्थाचं वर्णन आहे.

साहित्याचा आढावा घेताना आपण नेमके इथेच फसतो. आपण आपल्या काळाचे शब्द शोधतो. फक्त एक असलेल्या संख्यांना आज ‘रेपयुनिट’ म्हणतात. हा शब्द अल्बर्ट बायलर यांनी १९६० च्या दशकात रूढ केला. म्हणजे ‘रेपयुनिट’ टाकून शोधलं तर कापरेकरांचा १९३८ चा लेखही हाती लागेलच असं नाही, महावीराचार्य तर नाहीच नाही. माझा तो ‘नवीन’ निष्कर्षही असाच सुटला होता. जुन्या लेखात त्याच गोष्टीला दुसरंच नाव होतं. अशा वेळी पूर्णांकांच्या श्रेणींचा ऑनलाइन कोश फार उपयोगी पडतो. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये स्वतः पीएच.डी. करत असताना अशा श्रेणी जमवायला सुरुवात केली, त्यातून तो उभा राहिला. नाव माहीत नसेल तरी १, १२१, १२३२१ एवढं टाकलं की कापरेकरांचा संदर्भ समोर येतो. मला आठवीत तो माहीत असता तर बाबांचं म्हणणं पाच मिनिटांत खरं ठरलं असतं.

हे असं का होतं, आणि कुठे थांबतं

आता ‘वंडरफुल’पासून ‘थिअरी’कडे. हे का होतं, ते कागदावर गुणाकार मांडला की दिसतं. १११ ला १११ ने गुणताना १११ च्याच तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या स्तंभात एकच १ येतो, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन, एक. आपण खरं तर स्तंभातले एक मोजत असतो. नऊ ओळी असल्या की मधल्या स्तंभात नऊ एक येतात. झाली आपली संख्या तयार. अंकांची बेरीज ८१ का येते, तेही लगेच कळतं: नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक.

मग दहा एक घेतले तर? मधल्या स्तंभात दहा येतात, एका घरात मावत नाहीत, हातचा घ्यावा लागतो. उत्तर येतं:

१२३४५६७९००९८७६५४३२१

डौल मोडला. आठ गायब झाला, मध्ये दोन शून्यं आली. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, ती ८२ आली. प्रत्येक हातचा दहा काढून एक देतो, म्हणजे बेरजेतून नऊ कमी करतो. इथे हातचे दोन आहेत, म्हणून १०० मधून १८ गेले. आता या मोडलेल्या संख्येलाही कापरेकरांची कसोटी लावून बघा. मधलं शून्य सोडून डावीकडचे नऊ अंक १२३४५६७९० आणि उजवीकडचे ९८७६५४३२१ मिळवले की बेरीज १११११११११ नव्हे, त्याहून एक अंक जास्त, पूर्ण दहा एकांची संख्या येते. म्हणजे जिचा वर्ग केला तीच! नमुना मोडला, पण मोडताना मूळ संख्या परत देऊन गेला. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत एकटीच हसले होते.

महत्त्वाचं म्हणजे, नऊवर थांबण्याचं कारण संख्येत नाही, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून मर्यादा नऊ. आठच्या पायात लिहिलं तर ती सातवर येईल, सोळाच्या पायात पंधरापर्यंत जाईल. दोनच्या पायात ११ चा वर्गच १००१ येतो, म्हणजे सुरुवातीलाच हातचा.

म्हणून संख्येचे गुणधर्म दोन प्रकारचे असतात. काही तिच्या लिखाणाचे: दोन्हीकडून सारखी दिसते, चढते, उतरते. काही तिचे स्वतःचे: ती पूर्ण वर्ग आहे, तिचे विभाजक किती आहेत. पाया बदलला की पहिले जातात, दुसरे राहतात. केंब्रिजचे हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की असल्या अंकांच्या गमतीत गंभीर गणितासारखं काही नाही. (चार अंकी संख्यांत फक्त या दोन स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत: ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट.) कापरेकर देवळालीला बसून नेमकं असलंच काम करत होते. त्यांचं काम जगभरच्या वाचकांपुढे गेलं ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती.

लिखाणाच्या खाली काय आहे

हार्डींचं म्हणणं एका मर्यादेत बरोबर आहे. पण आपली संख्या थोडी खोलवर खणून बघू. नऊ एक असलेल्या संख्येला आर म्हणू. तीन-तीनचे गट पाडले तर दिसतं की आर = १११ × १००१००१. यातला १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

घातांकांत एकेक मिळवून गुणलं की विभाजकांची संख्या मिळते: ५ × ३ × ३ = ४५.

पण ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, हे कशावरून? शाळेतली पद्धत म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा मूळ संख्या १०६ आहेत. कंटाळवाणं काम.

इथे ‘थिअरी’ मदतीला येते. समजा मूळ संख्या प ने ३३३६६७ ला भाग जातो. मग १०⁹ − १ लाही, म्हणजे नऊ नऊंच्या संख्येलाही, भाग जाणारच. आता ९, ९९, ९९९ या ओळीत प ने पहिल्यांदा कुठे भाग जातो ते बघू. त्या जागेच्या क्रमांकाने ९ ला भाग गेला पाहिजे, म्हणून तो १, ३ किंवा ९ च असू शकतो. १ किंवा ३ असेल तर प हा ३ किंवा ३७ असणार, आणि या दोघांनी ३३३६६७ ला भाग जात नाही (अंकांची बेरीज २८, आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १). म्हणजे उरला ९. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १०^(प−१) − १ ला प ने भाग जातो, म्हणून प − १ ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम आहे, म्हणून १८ नेही. थोडक्यात, १८ ने भागून १ बाकी उरते अशाच मूळ संख्या तपासायच्या. ३७ वगळला तर ५७७ पर्यंत त्या फक्त १६ आहेत. १०६ वरून १६!

आणि ही ‘पहिली जागा’ म्हणजे दुसरं काही नसून आवर्ती दशांशाची लांबी आहे. १/३ मध्ये एक अंक फिरतो. १/३७ = ०.०२७०२७… मध्ये तीन. १/३३३६६७ = ०.०००००२९९७… मध्ये नऊ. एक, तीन आणि नऊ या प्रत्येक लांबीची मूळ संख्या जगात एकच आहे, आणि त्या तिन्ही आपल्या संख्येच्या पोटात बसल्या आहेत.

दशांशांच्या लांबीचा हा विषय गाउसने १८०१ च्या ग्रंथात घेतला होता. १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक फिरतात, ७ साठी जास्तीत जास्त शक्य तितके. अशा, पूर्ण लांबीच्या मूळ संख्या अनंत आहेत का? एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अनुमानात याचं उत्तर ‘हो’ आहे. हूली यांनी १९६७ मध्ये ते सिद्ध केलं, पण व्यापक रीमान गृहीतक खरं मानून. बिनशर्त सिद्धता आजही नाही. तसंच, फक्त एक असलेल्या मूळ संख्या अनंत आहेत का, हेही सिद्ध झालेलं नाही. ११ मूळ आहे, १९ एकांची संख्या मूळ आहे, २३ एकांचीही. मग ३१७ एकांची, मग १०३१ एकांची. 

मग नवीन काय?

बघा, संख्या तीच आहे. महावीराचार्यांनी तिच्या भावंडाचा हार केला. कापरेकरांनी ‘अशा कोणत्या कोणत्या?’ असं विचारून अख्खं कुटुंब गोळा केलं, त्याला नाव दिलं, आणि गुंजीकरांबरोबर त्याचे नियम मांडले. आधी हार होता म्हणून डेमलो खोटी ठरत नाही, आणि डेमलो नाव पडलं म्हणून हार पुसला जात नाही. दोघांचे प्रश्न वेगळे होते.

माझा तो निष्कर्ष जुन्या लेखात सापडला, तेव्हा आमच्या मॅडमनी तो लेख मागवून घेतला आणि एवढंच विचारलं, “यांनी कुठे थांबवलंय?” शेवटच्या परिच्छेदात एक अट होती, तिच्या पलीकडे लेखक गेले नव्हते. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिथून सुरू होतं.

तेव्हा पेटच्या आधी एखादा विषय ‘आधीच झालेला’ निघाला, तर वही बंद करू नका. त्याच पानावर तीन ओळी लिहा: हे का होतं, कुठे मोडतं, आणि यातलं लिखाणाचं किती नि संख्येचं किती. गणित नसून तुमचा विषय वनस्पतीशास्त्र असेल, तर ‘संख्येचं’च्या जागी ‘झाडाचं’ लिहा.

बाबांना मागच्या दिवाळीत मी महावीराचार्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “मंग, मी तं तवाच म्हनलो होतो.” बरोबरच होतं त्यांचं. कॅल्क्युलेटर अजून गल्ल्यावर आहे, आणि ३३३६६७ त्याच्या आठ घरांत आरामात मावते. मी सुरुवात करून देते: १९ ने भागलं तर बाकी ८. उरलेल्या पंधरा तुम्ही करा.